मामांची शिराझ

शनिवार आम्ही दोघंही पाळतो, म्हणून रविवार ठरवला. मार्चचा पहिला रविवार. लग्नाला २५ वर्षं झाली होती आणि लेकीनं पुण्याहून बजावलं होतं, की या वेळी देवदर्शन आणि पुरणपोळी एवढ्यावर भागवायचं नाही, दोघांनीच कुठंतरी जायचं.

"अहो, वायनरीत जाऊ या का?" मी विचारलं.

यांनी पेपरातून मान वर केली. "मला चालेल. तुला चालेल का?"

तसं विचारायला कारण होतं. माझं माहेर ओझरचं, वडील एचएएलच्या विमान कारखान्यात. पण आजोळ निफाडजवळ उगावला, आणि माझं निम्मं लहानपण मामांच्या द्राक्षबागेत गेलंय. मामा माळकरी. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी पायी जाणारे, आषाढीला पंढरपूर न चुकवणारे. त्याच मामांनी २००५ साली दोन एकर शिराझ लावली होती. वाइनची द्राक्षं. गावात बरीच चर्चा झाली, गळ्यात माळ घालून दारूची द्राक्षं लावली म्हणून. मामा म्हणायचे, "मी द्राक्षं पिकवतो. वेलीला काय ठाऊक पुढं काय होणार ते."

त्या वेळी सगळीकडे वाइनचंच बोलणं होतं. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. आमचं लग्न झालं त्याच साली, २००० मध्ये, राजीव सामंत यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली होती. म्हणजे नाशिकच्या वाइनचं वय जवळजवळ आमच्या संसाराएवढं. मामांनी एका वायनरीशी करार केला, भाव आधीच ठरला. थॉम्पसनच्या, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या, बागेत प्रत्येक घड हातात घेऊन औषधात बुडवावा लागतो, ते डिपिंग नाही, मणी मोठे करायची धडपड नाही, पेटीत माल भरायची घाई नाही. पहिली दोन-तीन वर्षं पैसे वेळेवर आले. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली, वाइनचा उठाव थांबला. २००९ च्या हंगामात मामांचा माल तयार होऊन वेलीवर लटकत राहिला आणि गाडी आलीच नाही. आधीच्या मालाचे दोन हप्तेही बुडाले.

ज्यांना द्राक्षाचा धंदा माहीत नाही त्यांनी म्हणावं, मग बाजारात विकायची. शिराझ बाजारात जात नाही. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. खायला कुणी घेत नाही, आणि बियांमुळे बेदाणाही होत नाही. ज्याच्यासाठी लावली त्यानं नाही घेतली तर ती कुणाचीच नाही. पुढच्या वर्षीही तेच झालं. २०१० च्या उन्हाळ्यात मामांनी ट्रॅक्टर लावून दोन्ही एकर उपटले. नाशिक जिल्ह्यात त्या दोन-तीन वर्षांत कितीतरी जणांनी वाइनच्या बागा अशाच काढल्या. मी त्या दिवशी उगावलाच होते. बांधावर वेलींचा ढीग पडला होता आणि मामी घरातून बाहेर आली नव्हती.

त्यानंतर गंगापूर रोडनं जाताना वायनरीची पाटी दिसली की मी मान फिरवायची. पाहुण्यांना पंचवटी दाखवली, सोमेश्वर दाखवलं, धरणावर सूर्यास्त दाखवला. वायनरीच्या फाटकात मात्र पाय ठेवला नाही. यांनीही कधी आग्रह केला नाही. या २५ वर्षांत मला यांची जी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, ती हीच.

मग आता का? मलाही नीट सांगता येत नाही. संक्रांतीला मामांकडे गेले होते, तेव्हा ते सहज म्हणाले, "त्या शिराझची वाइन कशी लागते, ते काही आपल्याला कळलं नाही." एवढंच म्हणाले आणि तिळगूळ तोंडात टाकला. ते माझ्या मनातून जाईना.

फोन करून जागा धरली. धरणाच्या बाजूची एक लहान वायनरी, फार गाजावाजा नसलेली. चारची फेरी, मग चाखणं, मग आठला जेवण. मी विचारलं, "माहिती मराठीत सांगेल असं कुणी आहे का?" पलीकडचा मुलगा म्हणाला, "आहे की, मॅडम." मला फार बरं वाटलं. गाडी आमची नेली नाही. ओळखीचा ड्रायव्हर जाऊन-येऊन आणि थांबण्याचे मिळून ठरवला. वाइन घेतल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही हे आमचं आधीच ठरलं होतं, आणि रात्री त्या रस्त्याला परतीची गाडी मिळेल याचा भरवसा धरू नये. कुणी जाणार असेल तर ही एक गोष्ट आधी बघा.

इंदिरानगरहून निघालो. गंगापूर नाक्यावर यांनी गाडी थांबवायला लावून मोगऱ्याचा गजरा घेतला. हंगामातला पहिला मोगरा, अजून कळ्याच होत्या. आनंदवली गेली, सोमेश्वर गेलं, गंगापूर गाव मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना मळे लागले. आभाळ स्वच्छ होतं. मार्चच्या सुरुवातीला द्राक्षाच्या भागातला माणूस आधी आभाळाकडे बघतो. २०१४ च्या मार्चमधली गारपीट आम्ही कुणीच विसरलेलो नाही.

फेरी दाखवायला जी मुलगी आली ती गिरणाऱ्याची. विशी-बाविशीची, पायात गमबूट, हाताची बोटं जांभळी. आम्ही दोघं आणि मुंबईचं एक जोडपं. तिनं नमस्कार केला आणि जरा अडखळत म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण गजरा गाडीत ठेवता का? आत वासाचंच काम आहे. मोगरा सगळ्यांवर मात करेल." मी काढून ड्रायव्हरजवळ दिला. अत्तर-सेंट लावून जाऊ नये हे असं कळलं. चपलाही चालत नाहीत, खाली सगळीकडे पाणी असतं. बरं झालं, मी बूट घातले होते.

आधी बागेत नेलं. आमच्या उगावच्या बागा म्हणजे डोक्यावर मांडव किंवा वायच्या आकाराचे अँगल, खाली हिरवी सावली आणि वरून लोंबणारे घड. इथं वेली सरळ उभ्या तारांवर बांधलेल्या, कुंपणासारख्या, आणि घड गुडघ्याच्या थोडे वर. माल कमीच धरायचा, एकरी चार-पाच टन. जास्त धरला तर रस पातळ होतो. ती सांगत होती आणि मी मनात मामांची बाग बघत होते. अशाच तारा होत्या. मामांना शेजारचे म्हणायचे, "अर्धी जागा मोकळीच सोडली की हो."

छाटणी मात्र तीच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी. मुंबईच्या जोडप्याला हे नवं होतं. युरोपात थंडीत वेल झोपते, वर्षाला एकच छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून तिला दोनदा छाटून वळण लावावं लागतं. फ्रान्समध्ये द्राक्ष सप्टेंबरात तोडतात, आपण जानेवारी ते मार्चमध्ये, कारण पावसाळ्यात घड धरले तर डाऊनी आणि करपा हे बुरशीचे रोग काही हाती लागू देत नाहीत. ती पुढे म्हणाली, की दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, हा फरक वाइनच्या द्राक्षाला मानवतो. रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकतो. मी तिला निफाडच्या थंडीचं सांगितलं. पारा तीन-चारवर आला की आमच्याकडे बागेत शेकोट्या पेटवतात, रात्री ठिबक सुरू ठेवतात, नाहीतर मण्यांना तडे जातात. तिनं मान डोलावली. तिच्या घरीही टोमॅटोचं असंच असतं म्हणाली.

शेवटच्या चार ओळी शिराझच्या होत्या. काळे घड, वर पांढरी लव. इतक्या वर्षांनी बघत होते. तिनं खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, एक मणी पिळून काचेवर थेंब टाकला आणि मला डोळ्याला लावायला दिला. २२ ब्रिक्सच्या जरा वर. आमच्या थॉम्पसनला १७-१८ ब्रिक्स आलं की माल उतरवायची गडबड सुरू होते. इथं २४ पर्यंत थांबतात. "पण नुसत्या आकड्यावर जायचं नाही," ती म्हणाली. "बी चावून बघा."

मी मणी तोंडात टाकला. आधी गोडी, मग साल, तुरट, जिभेला आकसून घेणारी. मग बी चावली. कडू, पण कुरकुरीत. बी हिरवी असेल तर कच्ची, तपकिरी होऊन शेंगदाण्यासारखी फुटली की तयार. "अजून पाच-सहा दिवस," ती म्हणाली. तोडणी पहाटे अंधारात करतात, डोक्याला बॅटरी लावून, म्हणजे माल गार असतानाच आत येतो.

मी तिला विचारलं, "दोन घड नेऊ का? एकांना दाखवायचे आहेत." ती आत जाऊन विचारून आली आणि तिनं स्वतःच कात्रीनं दोन घड काढून कागदी पिशवीत दिले. कुणाला, ते विचारलं नाही.

आतला कारखाना म्हटला तर लहान. सकाळी आलेला माल एका पट्ट्यावर पडतो, दोन बायका पानं-काटक्या आणि सडके मणी वेचून काढतात, मग यंत्र देठ वेगळे करतं आणि मणी हलकेच फोडतं. पांढऱ्या वाइनसाठी लगेच दाबून रस काढायचा, सालीशी फार संबंध ठेवायचा नाही. तांबड्यासाठी मात्र साल-बी-रस सगळं एकत्र टाकीत. मला वाटायचं काळ्या द्राक्षाचा रसच काळा असतो. तसं नाही. आतला गर पांढराच, रंग सगळा सालीत.

स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून थंड पाणी फिरवलेल्या. पांढरी वाइन १५ अंशांच्या आसपास सावकाश आंबवतात, म्हणजे वास उडून जात नाही. तांबडी त्याहून ऊबेत. ती म्हणाली, "कान लावा." मी टाकीला कान लावला. आत बारीक खदखद चालली होती, मंद आचेवर ठेवलेल्या आमटीसारखी. यीस्ट साखर खातं, तिची दारू होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याच वायूनं साली वर ढकलल्या जातात आणि जाड थर तरंगतो. तो कोरडा पडला तर खराब होतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस वर खेचून त्याच्यावर सोडायचा. शिडी चढून वरून बघितलं. तिनं आधीच सांगितलं होतं, फार वाकायचं नाही. तरी नाकात असा झिणझिण्या आणणारा दणका बसला की डोळ्यांत पाणी आलं. बंद जागेत हा वायू जिवावर बेततो, म्हणून रिकाम्या टाकीत उतरणारा माणूस कधीही एकटा नसतो. हे सांगताना त्या मुलीचा आवाज बदलला होता.

पिंपांच्या खोलीत मला सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं. गार, अंधारी, ओल्या लाकडाचा आणि थोडा व्हॅनिलाचा वास. ओकची पिंपं, एकेकात २२५ लिटर, म्हणजे साधारण ३०० बाटल्या. हे एका पिंपावर हात ठेवून उभे राहिले. बरीच वर्षं अंबडच्या एमआयडीसीत नोकरी केलेला माणूस, लाकडाच्या फळ्या नुसत्या कड्यांनी इतक्या घट्ट कशा बसतात, हेच निरखत होते. खिळा नाही, डिंक नाही. ओलाव्यानं लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप बंद होतात. लाकडातून थोडी वाइन उडत राहते, म्हणून मधून मधून वरून भर घालावी लागते.

मग चाखायला बसलो. पाच ग्लास, प्रत्येकात दोन-तीन घोट. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघायचा, मग फिरवायचा, मग नाक आत घालायचं, मग घोट घेऊन तो जिभेवरून फिरवून मग गिळायचा. मधे साधा पाव, पाणी. थुंकायला भांडं असतं आणि त्यात थुंकण्यात काही वावगं नाही. यांनी तीनदा थुंकली, मी एकदाही नाही.

सोव्हिन्याँ ब्लांक या पांढऱ्या वाइनला मुंबईच्या ताई काही फळांची नावं घेत होत्या, ती मी कधी खाल्लेली नाहीत. मला त्यात हिरव्या ढोबळ्या मिरचीचं देठ आणि ओलं गवत लागलं. तसं म्हटल्यावर ती मुलगी इतकी खूश झाली. "काकू, ढोबळी मिरची बरोबर! त्याच द्रव्याचा वास आहे." शेनिन ब्लांक या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये पिकला पेरू, अगदी मधमाश्या बसलेला. हा भाग मी इतका लांबवून सांगतेय कारण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की वास ओळखायला आपल्याच परसातली नावं पुरतात. आपण उगाच गप्प बसतो.

चौथा ग्लास शिराझचा. गर्द, कडेला जांभळी झाक. नाक घातलं आणि आधी मिरे आले. ताजे कुटलेले काळे मिरे. त्याच्या मागून जांभूळ. उगावच्या विहिरीवर जांभळाचं झाड होतं, पावसाच्या तोंडाला खाली नुसता सडा पडायचा आणि आमच्या जिभा निळ्या व्हायच्या. घोट घेतला. पहिल्यांदा तोंड भरलं, मग हिरड्या कोरड्या झाल्या, तसाच तुरटपणा, मघाशी सालीत लागलेला. म्हणजे हे होतं. मामांनी पाच वर्षं जे वाढवलं, औषधं मारली, कर्ज काढलं, ते शेवटी असं लागणार होतं, आणि ते उगावात कुणालाही माहीत नव्हतं.

माझे डोळे भरले. यांनी काही न बोलता पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. त्या मुलीनं विचारलं, "काय झालं काकू, आवडली नाही का?" मग मी तिला सांगितलं. मामांचं, हप्त्यांचं, ट्रॅक्टरचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या चुलत्यांनीपण काढली होती तेव्हा." मग आम्ही दोघीही थोडा वेळ बोललो नाही. पाचवा ग्लास गोड वाइनचा होता, उशिरा तोडलेल्या शेनिनचा. तो चांगलाच असेल, पण मला आता आठवत नाही.

जेवणाचं टेबल आठचं सांगितलं होतं, मिळालं पावणेनऊला. मोठा गट बसला होता, गाणी जोरात लावली होती. रविवारी असं होतं; ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातल्या मधल्या वारी जावं. पण तेवढा वेळ आम्ही बाहेर कठड्यावर बसलो. धरणाचं पाणी काळं झालं होतं, पलीकडे अंजनेरीच्या बाजूचे डोंगर पुसट दिसत होते. हे म्हणाले, "मामांनी बाग काढली तेव्हा तू आठ दिवस जेवली नव्हतीस नीट." मला ते आठवत नव्हतं. यांना आठवत होतं.

जेवण मात्र मनासारखं. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण, कांदा, ठेचा. मुलीनं सांगून ठेवलं होतं, मटणाबरोबर शिराझ घ्या, ठेच्याबरोबर अजिबात नको. मी करून बघितलं. ठेच्यावर शिराझ घेतली तर तोंडात जाळ होतो आणि वाइन कडवट लागते. गार शेनिन त्यावर घेतली की तिच्यातल्या जराशा गोडीनं तिखट निवतं. मटणाच्या तेलकट रश्शाला मात्र शिराझचा तुरटपणा असा भेटतो, की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. आपलं तिखट जेवण आणि वाइन यांचं जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा एवढं तरी करून पाहावं. आम्ही दोघांत एकच ग्लास घेतला, आलटून पालटून. यांचा चेहरा उजळला होता. रात्री गाडीत बसल्यावर यांनी गजरा पुन्हा माझ्या हातात दिला. तोवर कळ्या उमलल्या होत्या.

मंगळवारी मी एसटीनं निफाडला गेले, तिथून उगावला. बाटली न्यायचा प्रश्नच नव्हता. कागदी पिशवी मामांच्या पुढ्यात ठेवली. मामा आता ७४ चे. ओट्यावर बसले होते, चष्मा शोधत होते. मी म्हटलं, "मामा, शिराझ."

त्यांनी घड उचलून उजेडात धरला, लव अंगठ्यानं पुसली. एक मणी तोंडात टाकला आणि सावकाश चावला. बी दातांखाली फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. मामी दारात येऊन उभी राहिली. मी सांगितलं, वाइन कशी लागते ते. मिरे, मग जांभूळ. आपल्या विहिरीवरचं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसरा मणी खाल्ला. तिसरा मामीला दिला.

मग म्हणाले, "किलोला काय देतात आता?"

ते मी विचारलंच नव्हतं.